नेहमीचाच

कुतैसीच्या बाजारात, जिन्याखाली माझं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा
आणि स्क्रूंनी भरलेल्या जॅमच्या बरण्या.
जर्मनीहून जुन्या गाड्या येतात,
गाड्यांच्या डिकीत, गाद्यांत गुंडाळून, लॅपटॉप,
आणि लॅपटॉपात बसून
कुणाचं तरी नाव.

नाझिब्रोला बाईंनी तो पिशवीतून काढला,
झाकणाला कांद्याचं साल चिकटलेलं.
मी मागायच्या आत पावती ठेवली टेबलावर.
"चोरीचा नाही. एकशे ऐंशी लारी मोजलेत."
"पासवर्ड?"
"विकणाऱ्यालाच ठाऊक नव्हता."

पडद्यावर उमटलं: हाइके.
मागे कुठलंसं तळं, काठाला रिकामी होडी.
मी शून्यं टाकून पाहिली, एक-दोन-तीन-चार,
मग तिचंच नाव, उलट्या बाजूने.
त्यातून कळफलक जर्मन,
झेड आणि वाय यांनी एकमेकांची जागा बळकावलेली;
उत्तर चुकतंय की बोट, तेही कळेना.

मग खाली बारीक अक्षरांत एक ओळ आली.
मला जर्मन येत नाही.
बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.
नऊ वर्षं कासेलला म्हाताऱ्यांची उस्तवार केलेली बाई.
वाचलं, आणि गप्प.
"काय लिहिलंय?"
"नेहमीचाच."

दोघंही हसलो. मग लक्षात आलं,
मी एकटाच हसतोय.
"ओटीलिये आजी असंच म्हणायची," बाई म्हणाल्या.
"चहा कुठला? नेहमीचाच.
रस्ता कुठला? नेहमीचाच.
शेवटी शेवटी तिला आठवेना नेहमीचं म्हणजे काय.
मला आठवायचं.
हिच्याजवळ कोण होतं कुणास ठाऊक."

मी म्हटलं, दोन वाटा आहेत.
एक, मागच्या दाराने शिरतो,
पासवर्ड बाजूला सारतो, बाकी सगळं जिथल्या तिथे:
फोटो, पत्रं, बँकेचे कागद.
दुसरी, पाटी कोरी.
पहिलीचे तीस लारी, दुसरीचे वीस.
(खरं तर पहिलीच सोपी.
पण लोक कुतूहलाचेही पैसे देतात.)

"नऊ वर्षं परक्या घराची किल्ली होती माझ्या गळ्यात.
चांदीचे चमचे कुठल्या खणात असत, विचारा.
नाही सांगता येणार.
पुसून टाका."

तळं गेलं. होडी गेली.
एकोणसाठ टक्क्यांवर वीज गेली,
बाजारभर एकच शिवी उठली,
आणि बॅटरी तर आधीच मेलेली.
पुन्हा पहिल्यापासून.
बाईंनी पिशवीतून मूठभर हेझलनट काढले,
मी पक्कड दिली फोडायला.
गावातल्या अकरा घरांचा माल विकतात त्या,
हिशेब वहीत मावेनासा झालाय.
अर्धा माल किडका होता यंदा, म्हणाल्या,
आणि एक किडका निघालाही.

सांजेला नवं नाव टाकलं.
पासवर्डच्या वेळी मी भिंतीकडे तोंड केलं,
आमच्या धंद्यातली ही एवढीच लाज.
टकटक मात्र मोजली. बारा.
मग मशीनने विचारलं:
विसरलात तर आठवायला काही खूण?
बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.
मला वाटलं, आता त्याही तेच लिहिणार.

त्यांनी मार्कर मागितला.
लॅपटॉप बंद करून पालथा घातला
आणि त्याच्या पोटावर, ठसठशीत,
अख्खा पासवर्ड लिहून टाकला.
"अहो, मग कुलूप लावलं कशाला?"
"माझ्या मुलाला तरी कुठे ठाऊक," त्या म्हणाल्या,
"माझं नेहमीचं काय ते."

वीस लारी दिले. टरफलं ओंजळीत गोळा केली.
मी वाचलं नाही म्हटलं तर खोटं होईल.
त्यात एक झेड होता.
मार्कर घेऊन खाली, बारीक अक्षरांत,
मी माझ्या पदरचं जोडलं:
झेडसाठी वाय दाबा.